रोल धुवायला टाकण्याआधी डबीवरचं वाचा

शटर दाबलं म्हणून फिल्मवर चित्र तयार होत नाही. प्रकाश पडलेल्या चांदीच्या क्षारात डोळ्यांना न दिसणारा बदल तेवढा झालेला असतो. त्याचं चित्र करायचं ते लॅबमधल्या रसायनांनी, आणि सगळ्या फिल्मना एकच रसायन चालत नाही. म्हणून लॅब ठरवताना दर विचारण्याआधी डबीवरची बारीक अक्षरं वाचावीत, त्यात धुण्याची पद्धत दिलेली असते: सी-४१, ई-६ की ईसीएन-२.

रंगीत निगेटिव्हसाठी सी-४१ ही पद्धत १९७२ पासून रूढ आहे. डेव्हलपर ३७.८ अंश सेल्सिअसवर, वेळ ३ मिनिटं १५ सेकंद. डेव्हलपर क्षाराची चांदी करतो, आणि हे करताना तो स्वतः बदलून फिल्ममधल्या कपलर नावाच्या रेणूंना चिकटतो. त्यातून रंग बनतो. मग ब्लीच आणि फिक्सर सगळी चांदी काढून टाकतात आणि रंग मागे राहतो.

कृष्णधवल रोलचा घात होतो तो इथेच. त्याचं चित्र चांदीचंच असतं! सी-४१च्या मशीनमध्ये चांदीबरोबर तेही धुऊन निघतं आणि हाती कोरी पट्टी येते. त्यावर काहीही उपाय नाही. (इलफर्डचा एक्सपी२ सुपर कृष्णधवल असूनही सी-४१साठीच बनवलेला आहे, त्याची काळजी नको.) स्लाइडचा ई-६ रोल सी-४१मध्ये गेला तर निदान चित्र तरी येतं, पण भडक आणि रंग बिघडलेलं.

सिनेमाच्या ज्या निगेटिव्हच्या पाठीवर कार्बनचा काळा थर, म्हणजे रेमजेट असतो, ती नेहमीच्या लॅबला न सांगता देणं मला सरळ अन्याय वाटतो. थर सुटून टाकीत उतरतो आणि ती काजळी अनोळखी माणसांच्या लग्नाच्या, बारशाच्या फोटोंवर बसते. अशी फिल्म ईसीएन-२ करणाऱ्या लॅबलाच द्यावी.

सगळ्यात विलक्षण फिल्म १९३५ सालची कोडाक्रोम. तिच्यात कपलर नव्हतेच. तिन्ही थर मुळात कृष्णधवल, रंग लॅबमध्ये भरायचा. आधी कृष्णधवल डेव्हलपर, मग खालून लाल प्रकाश देऊन एका थरात सायन, वरून निळा प्रकाश देऊन दुसऱ्यात पिवळा, शेवटी उरलेल्या थरात मॅजेंटा. हे घरी किंवा छोट्या लॅबमध्ये जमण्यासारखं नव्हतं. कोडॅकनं २००९मध्ये ही फिल्म बंद केली, आणि अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावच्या ड्वेन्स फोटो या शेवटच्या लॅबनं डिसेंबर २०१०च्या अखेरीस रोल घेणं थांबवलं.

न धुतलेला कोडाक्रोम आज घरात सापडला तर रंग मिळायचे नाहीत. पण चांदीचं चित्र निघू शकतं. जुने रोल कृष्णधवल पद्धतीनं धुणारी लॅब शोधा आणि रोल कोडाक्रोम आहे हे आधीच स्पष्ट सांगा, कारण त्याच्याही पाठीवर रेमजेट असतो.