‘पर्पिट्रेट’: संगतीने बिघडलेले क्रियापद

इंग्रजी बातमीत घोटाळा, फसवणूक किंवा हत्याकांड आलं की ‘पर्पिट्रेट’ हे क्रियापद मागोमाग येतंच. अर्थ सरळ आहे: दुष्कृत्य करणे. ते करणारा तो ‘पर्पिट्रेटर’, आणि अमेरिकी पोलिसांच्या बोलीत नुसता ‘पर्प’. गंमत अशी, की या शब्दाच्या घडणीत गुन्ह्याचा मागमूस नाही. फोड केली तर आत चक्क बाप सापडतो.

लॅटिनमध्ये ‘पेर’ म्हणजे पार शेवटापर्यंत आणि ‘पात्रारे’ म्हणजे घडवून आणणे. हे ‘पात्रारे’ बहुधा ‘पातेर’ म्हणजे वडील या शब्दावरून आलं. वडीलकीच्या अधिकाराने एखादं काम पार पाडायचं, असा त्याचा मूळ भाव असावा. ‘पातेर’ आणि आपला ‘पितृ’ एकाच मुळाचे. इंग्रजी ‘फादर’ही त्यांचाच भाऊबंद. इंग्रजी ज्या कुळातली, त्या जर्मानिक भाषांत मूळच्या ‘प’चा ‘फ’ झाला. या बदलाची नियमबद्ध मांडणी जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये केली.

जुन्या रोममध्ये तह आणि युद्धघोषणा यांचे विधी करणारे ‘फेटियालेस’ नावाचे पुरोहित असत. त्यांच्यातर्फे जो शपथ घेई, त्याला ‘पातेर पात्रातुस’ म्हणत. रोम आणि आल्बा या नगरांमधल्या तहाचं वर्णन इतिहासकार लिव्हीने केलं आहे. हा पुरोहित कराराच्या अटी म्हणतो. मग ज्युपिटरला आवाहन करतो, की रोमन लोकांनी आधी शब्द मोडला तर या डुकरावर मी घालतो तसाच घाव तू त्यांच्यावर घाल. आणि गारगोटीच्या दगडाने डुकराला मारतो. शपथ ‘पुरी करण्या’साठी लिव्हीने इथे ‘पात्रारे’च वापरलं आहे. म्हणजे ज्या धातूतून पुढे गुन्हेगार निघाला, तो एकेकाळी शब्द पाळण्याच्या विधीत होता!

‘पेर’ जोडल्यावर ‘पात्रारे’चं ‘पेर्पेत्रारे’ झालं. ‘आ’चा ‘ए’ का? लॅटिनच्या फार जुन्या काळात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर आघात असे, त्यामुळे पुढचे स्वर दुबळे पडत. अर्थ मात्र शाबूत राहिला. लिव्हीच्याच लेखनात युद्ध संपवण्यालाही हे क्रियापद चालतं.

इंग्रजीत ते सोळाव्या शतकात आलं, तेही कायद्याच्या भाषेतून. बिचाऱ्याचं नशीब तिथेच फिरलं. कायद्याच्या कलमात कोणी सत्कृत्यं कशाला नोंदवेल? शेजारी कायम गुन्हा, म्हणून क्रियापदही गुन्हेगार. अर्थाच्या अशा घसरणीला भाषाविज्ञानात अर्थापकर्ष म्हणतात. मराठीत ‘प्रताप’ आणि ‘उद्योग’ यांची हीच गत आहे. ‘काय उद्योग करून ठेवलास?’ या प्रश्नात कौतुक शोधून सापडणार नाही.

शब्दाची पारख त्याच्या सोबत्यांवरून होते, हे जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये मांडलं. (तरुणपणी ते लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते.) पुढे संगणकावर लाखो वाक्यं चाळता येऊ लागली आणि या सोबतीचा माग काढणं सोपं झालं. ‘पर्पिट्रेट’ची संगत इतकी पक्की आहे, की तिच्यावर विनोदही बेततात. भिकार कोटी करणाऱ्याने कोटी ‘पर्पिट्रेट’ केली, असं इंग्रजीत खुशाल म्हणतात. लगेच हसू येतं, कारण कोटीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलेलं असतं.

वापरताना दोन गोष्टी पाहाव्यात. या क्रियापदाला कर्ता लागतो तो जाणूनबुजून करणारा. भूकंप विध्वंस घडवतो, ‘पर्पिट्रेट’ करत नाही. दुसरी गोष्ट ‘पर्पेच्युएट’ची. दिसायला जुळं, पण कूळ वेगळं. ते ‘सतत चालणारं’ अशा अर्थाच्या लॅटिन विशेषणावरून आलं. एखादी अफवा मुद्दाम रचून लोकांना फसवणारा फसवणूक ‘पर्पिट्रेट’ करतो. तीच अफवा खातरजमा न करता वर्षानुवर्षं पुढे ढकलणारे तिला ‘पर्पेच्युएट’ करतात, आणि त्यांच्या मनात कपट असायलाच हवं असं नाही.