मधमाशीच्या पोटातील बीजाणूची ओळख

सातपुड्यातील पाड्यांपासून तापीकाठच्या कांदा बीजोत्पादनाच्या शेतांपर्यंत खान्देशात सातेरी, आग्या आणि फुलोरी मधमाश्यांचा वावर असतो. आसपास भरपूर फुलोरा असूनही सातेरीची एखादी वसाहत क्षीण होऊ लागली, तर संभाव्य कारणांमध्ये मायक्रोस्पोरिडिया या गटातील सूक्ष्म परजीवींचाही विचार करावा लागतो.

प्राथमिक तपासणी सोपी आहे. पराग आणि मकरंद आणणाऱ्या काही कामकरी माश्यांची पोटे थोड्या पाण्यात खलून त्यातील एक थेंब काचपट्टीवर घेतात आणि तो ४०० पट मोठा करून पाहतात. संसर्ग असल्यास सुमारे ५ ते ६ मायक्रोमीटर लांबीचे, लंबगोल, चकाकणारे आणि बहुतांशी एकाच आकाराचे बीजाणू दिसतात. घोटाळा होतो तो यीस्टमुळे, पण यीस्टच्या पेशी लहानमोठ्या असतात आणि त्यांतल्या काहींना अंकुर फुटलेला असतो. मेदाचे थेंब आणि माशीच्या उत्सर्जक नलिकांत राहणाऱ्या अमिबाची कोष्ठे यांचा आकार मात्र गोल असतो.

येथवर परजीवीचा गट कळतो, जाती नव्हे. १९०९ मध्ये युरोपीय मधमाशीतून नोसेमा एपिस ही जाती वर्णिली गेली, तर १९९६ मध्ये एपिस सेराना, म्हणजे आपली सातेरी ज्या जातीची आहे त्या माशीतून, नोसेमा सेराने ही जाती पुढे आली. दुसरीचा बीजाणू किंचित लहान असतो, पण साध्या सूक्ष्मदर्शकाखाली या फरकावर विसंबणे धोक्याचे आहे. खरा भेद आत आहे. प्रत्येक बीजाणूत एक लांब ध्रुवनलिका गुंडाळलेली असते. अनुकूल परिस्थिती मिळताच ती सदऱ्याच्या बाहीसारखी उलटून वेगाने बाहेर पडते आणि तिच्यातून परजीवीचा अंतर्भाग माशीच्या आतड्यातील पेशीत शिरतो. या नलिकेचे वेढे नोसेमा एपिसमध्ये सहसा ३०हून अधिक, तर नोसेमा सेरानेमध्ये साधारण २० ते २३ असतात. मात्र ते मोजण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. त्यामुळे आज जाती ठरवण्याचे काम मुख्यतः पीसीआर या डीएनए ओळखणाऱ्या चाचणीवर आले आहे.

वर्गीकरणाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. रेशीमकिड्यातील नोसेमा बॉम्बिसिस याचे वर्णन स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांनी १८५७ मध्ये केले. पुढे मायक्रोस्पोरिडियाचा हा गट दीर्घकाळ आदिजीवांत (एकपेशीय प्राणिसदृश जीवांत) मोडत असे. १९८० च्या दशकात त्याला तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे घटक) नसलेल्या अतिप्राचीन सजीवांत स्थान मिळाले, पण २००२ मध्ये तंतुकणिकांचे खुरटलेले अवशेष त्याच्यातही सापडले आणि तो आधार कोसळला. जनुकांच्या पुराव्यावरून हे जीव आता कवकांचे (बुरशीवर्गाचे) नातलग मानले जातात. २०२० मध्ये मधमाशीच्या दोन्ही जाती व्हेरिमॉर्फा या प्रजातीत (जातींच्या वरच्या गटात) हलवण्यात आल्या. हा बदल सर्वांना मान्य नाही. अशा स्थितीत केवळ बीजाणू पाहून अहवालात जातीचे नाव लिहिण्यापेक्षा ‘मायक्रोस्पोरिडियाचे बीजाणू आढळले’ एवढेच नोंदवणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

जाती ठरवायचीच असेल, तर नमुना नीट पोहोचणे महत्त्वाचे. जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात मेलेल्या माश्या लवकर कुजतात. फॉर्मेलिनमध्ये त्यांचा आकार टिकतो, पण डीएनए खराब होतो. म्हणून जनुकीय चाचणीसाठीच्या माश्या ९५ टक्के इथाइल अल्कोहोलमध्ये पूर्ण बुडवून पाठवाव्यात आणि कुपीवर गाव, तारीख व माशीचा प्रकार पेन्सिलने लिहावा, कारण अल्कोहोलमध्ये शाई विरघळते.