रोज पाच किलोमीटर, आणि काटा जिथल्या तिथे

आमच्या टेकडीवर पहाटे साडेपाचला येणाऱ्या मंडळींत एक काका आहेत. पाऊस असो, थंडी असो, त्यांची पाच किलोमीटरची फेरी चुकत नाही. सहा महिन्यांपूर्वी वजन होतं ८१, आता आहे ८०. "तेही या वेळी बूट काढून उभा राहिलो म्हणून," असं तेच सांगतात. घरच्यांना संशय, की काका बाहेर काहीतरी चापतात. चापतातच. टेकडी उतरल्यावर एक वडापाव ठरलेला. पण सगळं खापर त्या वडापाववर फोडणं बरोबर नाही.

८० किलोच्या माणसाने तासाभरात पाच किलोमीटर चालण्यात साधारण २८० कॅलरी जातात. मात्र तो तास खुर्चीत बसून काढला असता, तरी ८०च्या आसपास गेल्याच असत्या. (मनगटावरची कित्येक घड्याळं त्यासुद्धा चालण्याच्या खात्यावर मांडून आपल्याला खूश करतात.) म्हणजे निव्वळ कमाई २००. वडापाव २५० ते ३०० कॅलरींचा, तेव्हा काका उलट तोट्यात. तो सोडला तर? किलोभर चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी धरतात. त्या हिशेबाने सहा महिन्यांत साडेचार किलो उतरायला हवेत. प्रत्यक्षात वडापावला हातही न लावणाऱ्यांचे बहुधा तेवढे उतरत नाहीत.

टांझानियात इयासी सरोवराच्या परिसरात हाद्झा लोक राहतात. शिकार करायची, मध काढायचा, जमिनीतले कंद खणायचे, असं त्यांचं जगणं. शहरी माणसाच्या कितीतरी पट ते रोज चालतात. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ हर्मन पाँत्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला.

मोजायची रीत मोठी नामी आहे. माणसाला खास पाणी प्यायला देतात. त्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे काही अणू नेहमीपेक्षा जड असतात, म्हणून ते नंतर ओळखू येतात. जड हायड्रोजन शरीराबाहेर पडतो तो फक्त पाण्यावाटे, म्हणजे लघवी, घाम, श्वासातली वाफ. ऑक्सिजनला मात्र दुसरी वाटही असते, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड. पुढचे काही दिवस लघवीचे नमुने घ्यायचे आणि दोन्ही किती वेगाने घटले ते पाहायचं. त्या दोन वेगांतल्या फरकावरून कार्बन डायऑक्साइड किती बाहेर पडला ते कळतं, आणि त्यावरून शरीराने किती इंधन जाळलं तेही. तोंडाला मुखवटा नाही, खोलीत कोंडणं नाही. माणूस खुशाल शिकारीला जाऊ शकतो.

२०१२ साली निष्कर्ष छापून आले. हाद्झा पुरुषांचा रोजचा खर्च २,६००च्या आसपास, बायकांचा १,९००. शरीराचा आकार लक्षात घेतला, तर अमेरिकेत खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांइतकाच!

पाँत्झर यांचं म्हणणं असं, की शरीर काटकसरी गृहिणीसारखं वागतं. चालण्यावर खर्च वाढला, की दुसरीकडे हात आखडतं. कुठे, ते अजून नेमकं उलगडलेलं नाही. शरीरातला दाह, ताणाची संप्रेरकं, दिवसभराची बारीकसारीक चुळबुळ, अशा ठिकाणी बचत होत असावी. हे सगळ्या संशोधकांना मान्य आहे असं नाही, आणि बचत शंभर टक्के होते असंही नाही. २०२१ मध्ये १,७५४ प्रौढांची माहिती तपासली, तेव्हा ती सरासरी २८ टक्के भरली. हालचालीत १०० कॅलरी घालवल्या, तर दिवसाच्या एकूण खर्चात ७२चीच भर पडते. वजन उतरवायचं तर मुख्य काम ताटातच करावं लागतं, असं म्हणतात ते यामुळे.

मग काकांनी टेकडी सोडावी का? मुळीच नाही. त्यांचं चुकतंय ते वजनकाट्यावर विसंबण्यात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला. शेजारी ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३, आणि शरीरातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपल्याकडचे कितीतरी लोक दिसायला सडपातळ असूनही मधुमेहाच्या वाटेवर का लागतात, याचं एक उत्तर त्या दोन आकड्यांत आहे. चरबी किती आणि स्नायू किती, हे काट्याला कळत नाही.

व्यायामाने पोटाच्या आत, यकृताभोवती साठलेली चरबी घटते, पुष्कळदा वजन फारसं न हलताही. स्नायू रक्तातली साखर जास्त उचलू लागतात. हे बघायचं तर शिंप्याची टेप घ्यावी. भारतीय पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८०च्या आत असावी, असं मानतात.

परवा काकांना विचारलं, कंबर कधी मोजली का? म्हणाले, "टेप नाही घरात. पण पट्टा आता दोन भोकं आत लागतो." आणि वडापाववाल्याकडे वळले.