लिंबावर, कढीपत्त्यावर अळी दिसली? औषध मारण्याआधी हे वाचा

पावसाळा लागला की नर्सरीत हमखास येणारी तक्रार: "कढीपत्त्यावर पक्ष्यांनी घाण केलीय, शेंडाही कुणीतरी खाल्लाय. काय मारू?" ती घाण नीट बघा. बहुतेक वेळा ती लिंबाच्या फुलपाखराची (शास्त्रीय नाव पॅपिलिओ डेमोलियस) अळी असते. तपकिरी अंगावर पांढरा डाग, त्यामुळे पक्षी तिला विष्ठा समजून सोडून देतात.

मादी पायांनी पान चाखते आणि लिंबू, कढीपत्ता, बेल असं आपलं झाड ओळखून कोवळ्या पालवीवर पिवळसर अंडी एकेक करून घालते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. ती चार वेळा कात टाकते आणि शेवटच्या कातेनंतर एकदम हिरवीगार होते. तिच्या एकूण खाण्यातला मोठा हिस्सा या शेवटच्या काही दिवसांतला, म्हणून रोप एका रात्रीत बोडकं झाल्यासारखं वाटतं. हात लावलात तर डोक्यामागून दुतोंडी लालसर शिंग काढून उग्र वास सोडते. घाबरू नका, ती डंख करत नाही.

मग एके दिवशी अळ्या दिसेनाशा होतात. कोष करायला त्या बऱ्याचदा झाड सोडून जातात. कठड्याखाली, कुंडीच्या कडेला शोधा. खांबावरचा वायरमन कमरेला पट्टा बांधून रेलतो, तसा कोष रेशमी धाग्यावर रेललेला असतो. आसपासचा रंग बघून तो हिरवा किंवा तपकिरी होतो. साधारण आठवड्याभरात फुलपाखरू निघतं, थंडीत जास्त दिवस लागतात.

२०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेल्या राणी पाकोळीची अळीही लिंबाच्या कुळातल्याच झाडांवर वाढते, आणि लहानपणी तीही अशीच विष्ठेसारखी दिसते. म्हणजे तुम्ही कुणाला मारताय हे सांगता येत नाही.

मोठं झाड असेल तर काहीच करू नका, पालवी पुन्हा फुटते. वीतभर रोपावर मात्र दोन अळ्याही भारी पडतात. त्यांना पानासकट उचलून मोठ्या लिंबावर किंवा कढीपत्त्यावर सोडा. जास्वंदीवर सोडून उपयोग नाही, उपाशी मरतील. आणि ज्या कढीपत्त्याची पानं रोज फोडणीत पडतात, त्यावर रासायनिक औषध मारायचा सल्ला आम्ही देत नाही, दुकानात बाटली असली तरी.

ओळख पटत नसेल तर मोबाईलवर फोटो काढून आणा. फांदी तोडून आणू नका.