छत्री घरी ठेव: मुंबईकर आणि हवामानशास्त्र यांच्या संबंधांची पार्श्वभूमी

‘वेधशाळेने पाऊस सांगितलाय ना, मग छत्री घरीच ठेव.’ मुंबईतला हा विनोद जुना आहे. कडवट झाला तो २००५ नंतर. २६ जुलैच्या त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७५ मिमीही नव्हता. कुलाब्याजवळच्या फोर्टातून घरी निघालेल्यांना पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना नव्हती. एवढ्या पावसाची पूर्वसूचना कुणालाच मिळाली नव्हती. येणाऱ्या ढगांतला पाऊस जोखणारं डॉप्लर रडार तेव्हा मुंबईत नव्हतंच. कुलाब्याला ते नंतर बसलं, आणि दुसरं अंधेरीच्या वेरावलीला, थेट २०२२ मध्ये. यंत्राची ही उणीव लोक विसरले. ‘त्यांना कळलंच नाही’ एवढं मात्र लक्षात राहिलं.

गंमत म्हणजे वेधशाळेच्या हिशेबात तो पाऊस २७ जुलैचा आहे. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजपात्रात ओतायचं, पाण्याची कड डोळ्यांच्या रेषेत धरून आकडा वाचायचा आणि मागच्या २४ तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर टाकायचा, अशी ही पद्धत. बाहेरच्याला ती कारकुनी वाटते. पण शंभर वर्षांचे आकडे शेजारी ठेवून बोलायचं, तर रोज एकाच वेळी, एकाच रीतीने मोजण्याला पर्याय नाही.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. तिच्या सुरुवातीच्या काळात शिरायचं कारण नाही; एकच प्रसंग पुरे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्यांनी पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी उपकरणं बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ती निरीक्षणं अलिबागला हलवली. हलवली म्हणजे कुलाब्याची लगेच बंद केली नाहीत. दोन वर्षं दोन्हीकडे मोजमाप चालू ठेवलं, दोन जागांमधला फरक काढला, मगच जुनी जागा सोडली. हवामानाचे अभ्यासक आजही बरंचसं हेच करतात. ठाणं हललं, उपकरण बदललं, आजूबाजूला इमारती उठल्या, तर त्याचा आकड्यांवर किती परिणाम झाला ते आधी बाजूला काढायचं. आकड्यांत ‘दुरुस्ती’ केली असं ऐकलं, की लोकांना मात्र हातचलाखीचा वास येतो.

खरा गुंता आहे तो एका शब्दाचा. शाळेच्या भूगोलात आपण शिकलो: आज-उद्याची ती ‘हवा’, आणि वर्षानुवर्षांच्या, सहसा तीस वर्षांच्या, नोंदींतून दिसतं ते ‘हवामान’. शाळा सुटली की हा फरक जुन्या दप्तरासोबत माळ्यावर जातो. कारण उद्याचा इशारा देणारं खातं ‘हवामान’ खातं, आणि बातम्यांच्या शेवटी येतो तोही ‘हवामानाचा अंदाज’. पेपरात एका पानावर ‘हवामान बदलामुळे समुद्राची पातळी वाढणार’ असतं, तर आतल्या पानावर ‘हवामान बदलामुळे सर्दी-खोकल्याचे रुग्ण वाढले’. दुसऱ्या बातमीतला बदल म्हणजे ऑक्टोबर हीट संपून पडलेला गारवा! वाचणाऱ्याने कसं ओळखायचं?

त्यात आणखी ‘अंदाज’. भातात पाणी घालतो तेही अंदाजानेच. उद्याच्या पावसाचं गणित आज हवेत काय चाललंय यावरून मांडतात, म्हणून ते आठवड्याभरात डळमळू लागतं. २०५० चं गणित मुळात विचारतं की तोवर हवेत कार्बन किती सोडला जाईल. २०५० च्या अमुक तारखेला दादरला पाऊस पडेल का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ‘उद्याचं सांगता येत नाही, हे पन्नास सालाचं सांगतात’ हा टोमणा दोन्हींना लावलेल्या ‘अंदाज’ या एका शब्दावर उभा आहे.

तोडगे निघाले. २०२० मध्ये राज्याच्या एका विभागाच्या नावात ‘वातावरणीय बदल’ आलं, आणि मार्च २०२२ मध्ये शहरासाठी आलेल्या कृती आराखड्यानेही ‘वातावरण’च पत्करलं. हेतू चांगला, पण वातावरण लग्नघरातलंही असतं आणि निवडणुकीचंही. हिंदीतला ‘जलवायू’ आपल्याकडे रुजला नाही. माझ्या मते ‘हवामान बदल’ तसाच ठेवावा आणि रोजच्या अंदाजाला ‘हवेचा अंदाज’ म्हणावं. कुणी म्हणणार नाही, हेही माहीत आहे.

बाहेरच्या वादांचेही शिंतोडे उडाले. नोव्हेंबर २००९ मध्ये इंग्लंडमधल्या एका विद्यापीठातल्या हवामान-शास्त्रज्ञांचे चोरलेले ईमेल पसरले. त्यांतला ‘ट्रिक’ हा शब्द गणित सोडवण्याची युक्ती या अर्थाचा होता. वाचला गेला फसवणूक म्हणून. पुढच्या चौकशांत आकडे बनावट असल्याचं निघालं नाही, पण चौकशीचा निकाल कोण वाचतो? जानेवारी २०१० मधली कबुली मात्र खऱ्या चुकीची होती: हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, हे हवामान बदलावरच्या २००७ च्या जागतिक अहवालातलं विधान निराधार ठरलं.

मग ऑक्टोबर २०१९ चा नकाशा. ‘२०५० पर्यंत मुंबई पाण्याखाली’ हा मथळा घरोघरी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. त्या नकाशामागच्या अभ्यासात नवं होतं ते जमिनीच्या उंचीचं मोजमाप. अवकाशातून मोजलेल्या जुन्या आकड्यांत इमारतींचे माथे आणि झाडांचे शेंडे जमीन म्हणून धरले जात. ते वजा केल्यावर किनारे आधी वाटले त्याहून सखल निघाले. नकाशा एवढंच दाखवत होता की कुठली जमीन भरतीच्या किंवा पुराच्या पातळीखाली येईल. बांध, भिंती त्यात धरल्या नव्हत्या. मथळ्यात यातलं काहीच मावलं नाही.

२०२५ मध्ये मान्सून मुंबईत २६ मेलाच पोचला. त्याची इथली नेहमीची तारीख ११ जून. वरळीच्या नव्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरलं, आणि ‘हाच तो हवामान बदल’ व ‘यांना हेही आधी सांगता आलं नाही’ ही दोन्ही वाक्यं एकाच डब्यात ऐकू आली. एका सकाळच्या पावसावरून दोन्हीतलं एकही सिद्ध होत नाही. साडेआठनंतर पडला तो पाऊस २७ मेच्या तारखेवर गेला, आणि २००१ ते २०३० ची सरासरी काढायला घेतील तेव्हा तो आकडाही तिच्यात धरला जाईल.