जुन्या नॅसची रॅम वाढवावी का?

जुना नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेला, फाइली साठवणारा डिस्कचा डबा) रडतखडत चालायला लागला की रॅम वाढवण्याचा विचार डोक्यात येतो. त्यात ‘मेमरी ९० टक्के वापरात’ असं दिसलं की खात्रीच पटते. पण फक्त या आकड्यावरून निर्णय घेऊ नका.

बहुतेक नॅस लिनक्सवर चालतात, आणि लिनक्स रॅम उगीच मोकळी ठेवत नाही. नुकत्याच वाचलेल्या फाइली तो कॅशे म्हणून तिथेच ठेवतो आणि एखाद्या प्रोग्रामला जागा लागली की लगेच सोडून देतो. त्यामुळे ‘फ्री’ऐवजी ‘अव्हेलेबल’ किती आहे ते पाहायचं. हा आकडा २०१४ मध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) ३.१४ पासून मिळू लागला. त्याआधीच्या कर्नलवर तो दिसेलच असं नाही.

खरं निदान होतं ते स्वॅपवरून. रॅम अपुरी पडली की तिच्यातला मजकूर डिस्कवर हलवला जातो, त्या जागेला स्वॅप म्हणतात. रॅममधून माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, तर हार्ड डिस्कवरून सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे लाखपट वेळ! शिवाय नॅसचा स्वॅप सहसा तुमच्या फाइली असलेल्या डिस्कवरच असतो, त्यामुळे डिस्क वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या एकाच हेडला दोन्हीकडे धावावं लागतं. नॅसवर नेहमीची कामं चालू असताना ‘व्हीएमस्टॅट ५’ (vmstat 5) ही आज्ञा देऊन ‘एसआय’ (si, स्वॅपमधून रॅममध्ये येणारा मजकूर) आणि ‘एसओ’ (so, रॅममधून स्वॅपमध्ये जाणारा मजकूर) हे रकाने पाहा. तिथे सतत मोठे आकडे येत असतील, तर रॅम जरूर वाढवा. स्वॅप थोडा भरलेला असेल पण हे दोन्ही रकाने शून्यावर असतील, तर चिंता नको.

मोठ्या फाइली कॉपी करताना वेग सेकंदाला ११० एमबीवर अडत असेल, तर अडसर नेटवर्कचा आहे. एक गिगाबिटच्या केबलमधून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबीच जातात. तिथे जादा रॅम काही करणार नाही. डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारी प्रणाली), फोटोंमधले चेहरे ओळखणं किंवा हजारो बारीक फाइलींचे फोल्डर असतील, तर मात्र फरक जाणवतो.

विकत घेण्याआधी प्रोसेसरची मर्यादा तपासा. इंटेलचा अ‍ॅटम डी२७०० फक्त ४ जीबीपर्यंतच रॅम घेतो. काही नॅसमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे विषयच संपतो. डीडीआर३ प्रकारच्या रॅमची छोटी पट्टी २०४ पिनांची, डीडीआर४ची २६० पिनांची. एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

नवी पट्टी बसवल्यावर रात्रभर मेमरी टेस्ट चालवाच. सदोष रॅममध्ये एखादा बिट उलटला, तर रेड (अनेक डिस्क एकत्र वापरून माहिती जपणारी व्यवस्था) तो चुकीचा मजकूरच इमानेइतबारे सगळ्या डिस्कवर उतरवतं.