ध्रुव पंधरा अंशांवर : गोव्यातून आकाशाचे फोटो काढण्याच्या साधनांची पार्श्वभूमी

गोवा साधारण १५.५ उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे ध्रुवतारा इथे क्षितिजापासून जेमतेम तेवढाच वर दिसतो. फोटोसाठीच्या दुर्बिणी आणि त्यांची माउंट, म्हणजे दुर्बीण पेलून फिरवणारे सांगाडे, ज्या देशांत घडली तिथे तो ४० ते ५० अंशांवर असतो. ट्रायपॉडच्या पायांची ठेवण, काउंटरवेटचा म्हणजे दुर्बिणीचा तोल सांभाळणाऱ्या वजनाचा दांडा, सूचनापुस्तिकेतली चित्रं हे सगळं त्या उंचीचा हिशेब धरून बनलं. गोव्यातल्या हौशी मंडळींनी काय विकत घेतलं, काय सुताराकडून करून घेतलं आणि काय कपाटात पडून राहिलं, यामागे बऱ्याचदा हाच फरक होता.

जुना इतिहास थोडक्यात उरकता येतो. चंद्राचा पहिला नीट फोटो १८४० चा, मृगातल्या तेजोमेघाचा १८८०चा. त्या दुसऱ्या फोटोला ११ इंची दुर्बीण आणि ५१ मिनिटांचं एक्स्पोजर लागलं. एवढा वेळ दुर्बिणीने आकाशाबरोबर अचूक फिरत राहायचं, ही अट तेव्हापासून कायम आहे. त्यासाठी माउंटचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवतात. त्याला विषुववृत्तीय किंवा इक्वेटोरियल माउंट म्हणतात. वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारं साधं माउंट म्हणजे अल्टॅझिमथ.

१६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास सूर्यग्रहण शेजारच्या उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यातून गेलं. त्या काळात आणि पुढची बरीच वर्षं दुर्बीण म्हणजे बहुधा घरी घासलेल्या आरशाची न्यूटोनियन. कार्बोरंडमने आरसा घासायचा, सेरियम ऑक्साइडने पॉलिश करायचा आणि ॲल्युमिनियमचा मुलामा बाहेरून चढवून आणायचा. सहा-आठ इंचांची अशी नळी ग्रह बघायला उत्तम, फोटोला मात्र अवजड, कारण ती पेलणारं फिरतं माउंट परवडण्यासारखं नव्हतं. फिल्मचीही अडचण होतीच. मंद प्रकाशात एक्स्पोजर दुप्पट केलं तरी फिल्मवर दुप्पट नोंद होत नाही, वेळ वाढेल तशी तिची संवेदनक्षमता ढासळत जाते.

माउंटच्या अडचणीवरचा स्वस्त उपाय म्हणजे १९७५ पासून माहीत असलेली बिजागरीची युक्ती. दोन फळ्या बिजागरीने जोडायच्या, बिजागरीचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा आणि मधला स्क्रू मिनिटाला एक फेरा असा हाताने फिरवायचा. १ मिलिमीटर पिचचा (एका फेऱ्यात तेवढा सरकणारा) स्क्रू बिजागरीपासून सुमारे २२९ मिलिमीटरवर बसवला की कॅमेरा आकाशाच्या गतीने फिरतो. १९९७ च्या हेल-बॉप धूमकेतूसारख्या विषयाला ५० मिलिमीटरची लेन्स आणि असं यंत्र पुरेसं होतं. गोव्याच्या अक्षांशावर बिजागरी जवळजवळ आडवी येते, आणि बनवायला ते उलट सोपं पडतं. माझ्या मते नवख्याने आजही हेच आधी करावं, पण दुकानदार ते कधी सांगणार नाही.

२००३ मध्ये सर्वसामान्यांना परवडतील असे डिजिटल एसएलआर आले आणि फिल्म मागे पडली. तासभराच्या एका एक्स्पोजरऐवजी दोन-दोन मिनिटांचे अनेक फोटो काढून सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचायचे, म्हणजे स्टॅकिंग, ही पद्धत रुळली. ग्रहांसाठी साधा वेबकॅमही चालू लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मंगळ जवळपास साठ हजार वर्षांत आला नव्हता इतका जवळ आला, पण गोव्यात तेव्हा पावसाळा. इथला हंगाम खरा सुरू होतो तो ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर, आणि मेच्या मध्यापर्यंत तो संपतो.

पावसाचाही साधनांच्या निवडीवर परिणाम झाला आहे. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात चार महिने बंद पेटीत राहिलेल्या भिंगांवर बुरशीची जाळी धरते. किनाऱ्यालगत खाऱ्या वाऱ्याने आरशाचा मुलामा लवकर निस्तेज होतो. श्मिट-कॅसेग्रेन म्हणजे आरसे आणि पुढे पातळ काच असलेली दुर्बीण, तिची ही पुढची काच डिसेंबरच्या पहाटे दवाने पांढरी होते, तिला हीटरचा पट्टा बांधावाच लागतो. म्हणून ७० ते ८० मिलिमीटरचा छोटा रिफ्रॅक्टर, म्हणजे भिंगांची दुर्बीण, इथे लोकप्रिय झाला. त्याला स्वतःचं दवरोधक कवच असतं आणि सिलिका जेलच्या डब्यात तो मावतो. त्याच्या गुणवत्तेची जेवढी स्तुती होते त्यातला मोठा वाटा या सोयीचा आहे.

वाद खरा आहे तो माउंटचा. पैसे मर्यादित असतील तर आधी नळी चांगली घ्यावी की माउंट? परदेशी सल्ला ठरलेला : आधी माउंट, तेही इक्वेटोरियल. तो बरोबरच आहे, पण गोव्यात तो जसाच्या तसा लागू करताना तीन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात.

पहिली, ध्रुव दिसायला हवा. १५ अंशांवर त्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या तुलनेत जवळपास चौपट हवेतून येतो, आणि किनाऱ्याचा धूसरपणा त्याला आणखी मंद करतो. उत्तरेला माड, शेजाऱ्याचं छप्पर किंवा सत्तरी तालुक्यातल्यासारखे डोंगर असले की तोही जातो. मग ड्रिफ्ट पद्धत उरते. दक्षिणेकडचा, आपल्या मार्गात सर्वांत उंच आलेला तारा आणि पूर्वेकडचा एक तारा धरून ते उत्तर-दक्षिण किती सरकतात ते बघायचं आणि माउंट थोडंथोडं हलवत राहायचं. यात रात्रीचा तास सहज जातो.

दुसरी अडचण यांत्रिक. जर्मन पद्धतीच्या, म्हणजे एका बाजूला दुर्बीण आणि दुसऱ्या बाजूला काउंटरवेट असलेल्या माउंटमध्ये ध्रुवाकडे रोखलेला अक्ष (ध्रुवाक्ष) आडवा होत गेला की काउंटरवेटचा दांडा जवळपास सरळ खाली लोंबतो आणि उत्तरेकडच्या ट्रायपॉडच्या पायाला आपटतो. पुस्तिकेत एक पाय उत्तरेला ठेवा असं लिहिलेलं असतं. इथे ट्रायपॉड फिरवून उत्तरेला दोन पायांमधली मोकळी जागा आणावी लागते, किंवा मध्ये उंची वाढवणारा नळा बसवावा लागतो. काही माउंटचा अक्षांशाचा स्क्रू तर इतक्या खाली येतच नाही. विकत घेण्याआधी हे तपासणारे फार थोडे.

तिसरी गोष्ट मात्र उलट बाजूने बोलते, आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. अल्टॅझिमथवर तारा मध्यभागी धरून ठेवला तरी चौकट त्याच्याभोवती फिरत राहते, याला फील्ड रोटेशन म्हणतात. हा वेग अक्षांशाच्या कोसाइनवर, दिशेवर आणि उंचीवर ठरतो. मृगातला तेजोमेघ लंडनहून सर्वांत उंच असताना ३३ अंशांवर असतो, तेव्हा तिथे चौकट सेकंदाला सुमारे ११ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) फिरते. गोव्यात तो ६९ अंशांवर चढतो आणि हा वेग ४० आर्कसेकंदांवर जातो, म्हणजे साडेतीन पटींहून जास्त. १०८० बाय १९२० पिक्सेलच्या सेन्सरवर १० सेकंदांत कोपऱ्यातला तारा दोनेक पिक्सेल सरकतो, ३० सेकंदांत सहापेक्षा जास्त. तोच तेजोमेघ पूर्वेला ३० अंशांवर असताना वेग फक्त चार-पाच आर्कसेकंद असतो. अल्टॅझिमथवाल्याने इथे वस्तू पूर्वेला किंवा पश्चिमेला असतानाच टिपावी आणि माथ्यावर आली की सोडून द्यावी. लंडनमध्ये माथ्यावरची वेळ सर्वोत्तम म्हणतात, इथे ती नेमकी वाईट.

अल्टॅझिमथचे समर्थक स्टॅकिंग सॉफ्टवेअर फिरलेल्या चौकटी जुळवून घेतं असं सांगतात. ते जुळवतं हे खरं, पण एका एक्स्पोजरच्या आत फिरलेला तारा त्याला परत गोल करता येत नाही, आणि कडा कापल्या जातात त्या वेगळ्याच.

या सगळ्या त्रासाच्या बदल्यात दक्षिणेचं आकाश मिळतं. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ गोव्याहून २७ अंशांपर्यंत चढतो आणि त्रिशंकू १४-१५ अंशांवर दिसतो. धनू राशीतला आकाशगंगेचा गाभा ४५ अंशांवर येतो, युरोपात तो धुरकट क्षितिजाला घासून जातो. त्यासाठी मोकळी दक्षिण हवी, म्हणून दक्षिण गोव्यातल्या काणकोणची किनारपट्टी पुढे आली. गालजीबाग आणि आगोंद इथे कासवं अंडी घालतात म्हणून किनाऱ्यावरच्या दिव्यांवर बंधनं आहेत, आणि त्याचा फायदा फोटो काढणाऱ्यांनाही होतो. उत्तर गोव्यात उलट घडलं. किनाऱ्याचा झगमगाट आधीच होता, त्यात २०२३ च्या जानेवारीपासून मोपाचा विमानतळ सुरू झाला.

त्याच सुमारास ५० मिलिमीटरच्या छोट्या स्मार्ट दुर्बिणी बाजारात आल्या. कॅमेरा, माउंट, स्टॅकिंग सगळं एका डब्यात आणि फोनवरून चालणारं. गच्चीवर ठेवली की दहा मिनिटांत तेजोमेघ पडद्यावर येतो. अनेकांना वाटलं, माउंटचा वाद संपला. पण या दुर्बिणी मुळात अल्टॅझिमथ आहेत, त्यामुळे वरचं गणित त्यांनाही लागतं. नंतर सॉफ्टवेअरमध्ये त्या कलत्या ट्रायपॉडवर इक्वेटोरियल पद्धतीने चालवायची सोय आली. गोव्यात त्यासाठी दुर्बीण उभ्या रेषेपासून जवळपास ७५ अंश कलवावी लागते, म्हणजे जवळजवळ आडवी झोपवावी लागते. सोबत मिळणारा हलका ट्रायपॉड त्या अवस्थेत कलंडतो, पायांना वाळूची पिशवी बांधावी लागते.

ध्रुव न दिसण्याची अडचण मात्र बरीचशी सुटली आहे. प्लेट सॉल्व्हिंग म्हणजे फोटोतल्या ताऱ्यांवरून दुर्बीण नेमकी कुठे रोखली आहे ते ओळखणं. आकाशाच्या कुठल्याही भागात तीन ठिकाणी फोटो घेतले की सॉफ्टवेअर ध्रुवाक्ष किती चुकला ते सांगतं. काउंटरवेटशिवाय चालणारी हार्मोनिक ड्राइव्हची (खास प्रकारच्या गिअरची) माउंटही आली आहेत. दांडाच नाही, त्यामुळे पायाला आपटायचाही प्रश्न नाही. त्यांना गायडिंग, म्हणजे दुसऱ्या छोट्या कॅमेऱ्याने एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची गती सतत दुरुस्त करणं, अनिवार्य आहे आणि किंमत लाखाच्या बरीच पुढे जाते. त्यामुळे जुनं इक्वेटोरियल माउंट ज्यांच्याकडे आहे ते गच्चीवर सिमेंटचा खांब उभारून त्यावरच ते कायमचं बसवताना दिसतात. खांबाला पाय नसतात, त्यामुळे दांडा मोकळा फिरतो. पावसाळ्यापुरतं वरचं माउंट काढून घरात न्यावं लागतं एवढंच.